रोगाला रहिवासी दाखला लागत नाही!

क्षयाच्या जंतूने कोणाच्या फुप्फुसात शिरण्यापूर्वी त्याचे रेशन कार्ड तपासल्याचे आजवर ऐकिवात नाही. डेंग्यूचा डास चावण्याआधी 'या जिल्ह्यात किती वर्षे राहता?' असे विचारत नाही. रोगाला जिल्हा कळत नाही, राज्य कळत नाही. पण तोच रोगी, खिशात पैसे नसलेला, मोफत उपचाराच्या खिडकीपुढे उभा राहिला की त्याला 'काय होतंय?' असे आधी विचारले जात नाही. पहिला प्रश्न असतो, 'कुठले तुम्ही?' आणि दुसरा, 'कार्ड कुठलं आहे?' पैसेवाल्याला हा प्रश्न कोणी विचारत नाही. तो दुबईहून येवो की डेहराडूनहून, अनामत रक्कम भरली की त्याच्या पत्त्याशी कोणाला देणेघेणे उरत नाही. पत्ता फक्त गरिबाला विचारला जातो. म्हणून रहिवासाची ही अट प्रत्यक्षात गरिबीवरच लावलेली अट आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ही अट आमच्या माणसांवर सर्वात जास्त का पडते आणि ती संविधानाच्या कसोटीवर का टिकत नाही, हे आज वाचकांपुढे मांडायचे आहे.

आधी नियम काय सांगतो ते पाहू. २ जुलै २०१२ रोजी राज्यातील आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती सर्व राज्याला लागू झाली. पिवळे आणि केशरी रेशन कार्ड असलेल्या कुटुंबांना तिचा लाभ होता. २०१७ साली या योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती राज्यातील सर्व कुटुंबांसाठी खुली करण्यात आली आणि कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण जाहीर झाले. उत्पन्नाची मर्यादा गेली, कार्डाच्या रंगाचा भेद गेला. आम्ही या निर्णयाचे तेव्हाही स्वागत केले, आजही करतो. परंतु 'सर्व' या शब्दाच्या मागे एक छोटी ओळ उभी आहे. सर्व म्हणजे कोण? तर ज्यांच्याकडे महाराष्ट्राचे रेशन कार्ड आहे किंवा अधिवास प्रमाणपत्र आहे ते. आणि आपल्या राज्यात अधिवास प्रमाणपत्र काढायचे तर साधारणपणे १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्याच्याकडे १५ वर्षांचे वीजबिल, घरपट्टी किंवा शाळेचे दाखले आहेत, त्याला या ओळीचा त्रास होत नाही. ज्याच्या डोक्यावर १५ वर्षांत पंधरा छपरे बदलली, त्याला मात्र ही ओळ दवाखान्याच्या दारातून परत पाठवते.

आमच्याकडे आलेले एक प्रकरण सांगतो. नावगाव सांगत नाही, कारण हे एका माणसाचे प्रकरण नाही आणि एका दवाखान्याचेही नाही. परभणी जिल्ह्यातले एक जोडपे पुण्याच्या आसपास वीटभट्टीवर काम करणारे. बाई सव्वीस वर्षांची. चालताना धाप लागते म्हणून दाखवले, तर हृदयाची झडप खराब झालेली निघाली. शस्त्रक्रिया योजनेत बसते, दवाखाना योजनेत आहे, डॉक्टर करायला तयार आहेत. आरोग्यमित्राने कार्ड पाहिले आणि म्हणाला, "दादा, ताईंचं नाव यात नाही." खरेच नव्हते. लग्नानंतर माहेरच्या कार्डातून नाव कमी झाले होते आणि सासरच्या कार्डात चढवायचे राहून गेले होते. कारण सासरचे कार्ड गावी सासऱ्याच्या नावावर, आणि हे दोघे वर्षातले आठ महिने भट्टीवर. नवरा रात्रीच्या एसटीने गावी गेला. तलाठी दुसऱ्या सजेवर, पुरवठा विभागाची ऑनलाइन यंत्रणा बंद, मग रविवार, मग पुन्हा हेलपाटा. नवव्या दिवशी नाव चढले. या नऊ दिवसांत बाईचा दम वाढला, म्हणून खासगीत दाखवावे लागले, तपासण्या कराव्या लागल्या, औषधे घ्यावी लागली. पैसे कोठून आणणार? भट्टीमालकाकडून चाळीस हजारांची उचल घेतली. पुढे शस्त्रक्रिया झाली, मोफत झाली, बाई वाचली. शासनाच्या दप्तरी हे प्रकरण 'यशस्वी लाभार्थी' म्हणून नोंदले गेले असेल. पण त्या चाळीस हजारांपायी हे कुटुंब पुढच्या हंगामाला त्याच मालकाकडे बांधले गेले, ही नोंद कोणत्या दप्तरात सापडेल?

या प्रकरणात कोणी खलनायक नाही, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. आरोग्यमित्राने नियम पाळला, तलाठी त्याच्या कामात होता, डॉक्टर तर मदतच करत होता. नियमच असा आहे की सर्वांनी तो नीट पाळला तरी गरीब मरणाच्या दारात उभा राहतो. आणि ज्यांच्यावर तो पडतो ती माणसे कोण आहेत? ऊसतोडीला कोयता घेऊन जिल्हा सोडणारी, वीटभट्टीवर खपणारी, शहरात कचरा वेचणारी, नाक्यावर उभी राहणारी, भाड्याच्या खोलीत राहणारी. खोलीचा मालक करारनामा करत नाही, वीजबिल त्याच्या नावावर येते, भाड्याची पावती मिळत नाही. नवऱ्याने टाकलेल्या बाईचे नाव त्याच्या कार्डात अडकलेले असते आणि ते काढायला त्याची सही लागते असे तिला सांगितले जाते. पालावर राहणाऱ्या भटक्या-विमुक्तांकडे तर कार्डही नाही आणि दाखलाही नाही. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि या जमातींच्या माणसांना पोलिसांकडे हजेरी लावायला भाग पाडले. ते कुठे राहतात, कुठे जातात याची सरकारी नोंद ठेवली. १९५२ साली तो कायदा गेला. ज्या व्यवस्थेने त्यांच्या पिढ्यान्पिढ्यांच्या हालचालींवर पाळत ठेवली, तीच व्यवस्था आज त्यांच्या नातवाला विचारते की तू १५ वर्षे कुठे राहत होतास ते सिद्ध कर!

काही वाचक म्हणतील, योजना नसेना का, धर्मादाय रुग्णालये आहेत ना? आहेत, आणि त्यांचा कायदा आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असला पाहिजे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१अअ खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली एक योजना मंजूर केली. ती १ सप्टेंबर २००६ पासून लागू आहे. तिच्यानुसार धर्मादाय रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवल्या पाहिजेत. प्रत्येक रुग्णाच्या देयकातून २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा केली पाहिजे. सुरुवातीपासून वाढत गेलेली उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वर्षाला १ लाख ८० हजार आणि दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार रुपये झाली. तातडीच्या प्रसंगी रुग्णाला आधी दाखल करून घेऊन जीव वाचवणारे उपचार द्यायचे, असे ही योजना स्पष्ट सांगते. यात रहिवासाची अट कुठे आहे? अटीत नाही, पण पुराव्यात आहे! रुग्णाने तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशन कार्ड आणायचे. आता हा तहसीलदार कुठला? जिथे राहता तिथला. जिथे राहता तिथला पुरावा नसेल तर गावचा. गावचा तहसीलदार म्हणतो, तुम्ही इथे राहतच नाही. शहरातला म्हणतो, तुम्ही इथले असल्याचा कागद दाखवा. अशा रीतीने समोरच्या दाराने न आलेली अट मागच्या दाराने आत येते आणि दोन तहसीलदारांच्या मध्ये माणूस लटकतो.

या प्रश्नाचे मूळ समजून घ्यायचे तर संविधान सभेत जावे लागेल. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी संविधानाचा मसुदा सभेपुढे मांडताना जे भाषण केले, त्यात दोन गोष्टी आहेत. आपण त्या नेहमी वेगवेगळ्या वाचतो. एक म्हणजे खेड्याविषयीची त्यांची परखड टीका. खेडे म्हणजे संकुचितपणाचे, अज्ञानाचे आणि जातीयतेचे डबके आहे हे त्यांनी तिथे निर्भीडपणे सांगितले आणि संविधानाचा घटक खेडे नसून व्यक्ती मानली याबद्दल समाधान व्यक्त केले. दुसरी गोष्ट म्हणजे एकेरी नागरिकत्व. अमेरिकेत संघराज्याचे एक आणि घटकराज्याचे एक असे दुहेरी नागरिकत्व आहे, त्यामुळे तिथले राज्य आपल्या रहिवाशांना काही हक्क देऊन बाहेरच्यांना ते नाकारू शकते किंवा जास्त कठीण अटींवर देऊ शकते, हे त्यांनी दाखवून दिले. भारतात तसे होणार नाही, इथे माणूस कोणत्याही राज्यात राहो, त्याचे नागरिकत्व एकच आणि हक्कही तेच, हे त्यांनी ठासून मांडले.

या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या म्हणजे बाबासाहेबांची दृष्टी उलगडते. खेड्याच्या कचाट्यातून माणूस सुटला पाहिजे आणि तो देशात जिथे जाईल तिथे पूर्ण नागरिक म्हणून उभा राहिला पाहिजे. आपल्या बापजाद्यांनी याच मार्गाने गावकी सोडली, येसकरकी टाकली, मुंबईच्या गिरण्यांत, नागपूरच्या बिडी कारखान्यांत, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, गोदीत काम धरले. आणि आज आजारी पडलेल्या त्यांच्या वारसाला उपचाराची खिडकी सांगते, 'गावी जा आणि कागद घेऊन ये.' ज्या पाटील-सरपंचाच्या मेहेरबानीतून सुटण्यासाठी गाव सोडले, त्याच्याच दाराशी दाखल्यासाठी उभे करणारी ही व्यवस्था आहे. रहिवासाची अट माणसाला त्याच्या गावाला पुन्हा बांधते. आमचा या अटीला असलेला मूळ विरोध इथे आहे.

आता कायदा. वकील म्हणून आम्ही वाचकांची दिशाभूल करणार नाही. रहिवासावर आधारलेली प्रत्येक अट आपोआप बेकायदा ठरते असे नाही. अनुच्छेद १५ जन्मस्थानावरून भेदभाव करायला मनाई करतो, पण त्यात 'निवास' हा शब्द नाही. १९५५ साली डी. पी. जोशी विरुद्ध मध्य भारत या खटल्यात वैद्यकीय महाविद्यालयाच्या शुल्कासाठी घातलेली निवासाची अट सर्वोच्च न्यायालयाने याच आधारावर मान्य केली. परंतु त्यानंतर बरेच पाणी वाहून गेले आहे. १९८४ साली प्रदीप जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की भारतात अधिवास एकच असतो, तो म्हणजे भारताचा. राज्याचा वेगळा अधिवास ही कल्पनाच चुकीची आहे. २९ जानेवारी २०२५ रोजी तन्वी बहल खटल्यात पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशातील निवासाधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवताना न्यायालयाने हीच भूमिका पुन्हा मांडली. मग 'अधिवास प्रमाणपत्र' या नावाचा कागद मोफत उपचाराची किल्ली होतो, हे कोणत्या तत्त्वात बसते?

उपचाराबाबत तर न्यायालयांची भूमिका आणखी स्पष्ट आहे. जखमी माणसाला आधी उपचार, कायद्याच्या बाबी नंतर, हे १९८९ च्या परमानंद कटारा निकालाने सांगितले. १९९२ साली पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले. १९९६ साली पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की वेळेवर उपचार न देणे हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैसा नाही ही सबब राज्याला सांगता येणार नाही. आणि रहिवासाच्या थेट प्रश्नावर दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल आहे. उत्तर प्रदेशच्या सीमेजवळ असलेल्या गुरू तेग बहादूर रुग्णालयात ८० टक्के खाटा दिल्लीच्या रहिवाशांना राखून ठेवणारे आणि मतदार ओळखपत्रावरून सुविधा देणारे परिपत्रक २०१८ साली तिथल्या सरकारने काढले. १२ ऑक्टोबर २०१८ रोजी उच्च न्यायालयाने ते रद्द केले. समतेच्या आणि जगण्याच्या हक्काचा, म्हणजे अनुच्छेद १४ आणि २१ चा तो भंग आहे असे न्यायालयाने ठरवले. तरीही जून २०२०मध्ये करोनाच्या साथीत तसाच आदेश पुन्हा निघाला आणि नायब राज्यपालांना तो एका दिवसात फिरवावा लागला. न्यायालयाने एकदा काढलेला काटा सत्ताधारी पुन्हा पुन्हा रुतवतात, हा यातला धडा आहे.

ज्या अमेरिकेच्या घटकराज्यांचे उदाहरण बाबासाहेबांनी दिले होते, तिथे या प्रश्नाचे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. ॲरिझोना राज्यात कायदा होता की निर्धन माणसाला तातडीचा नसलेला उपचार सरकारी खर्चाने हवा असेल, तर तो त्या परगण्यात एक वर्ष राहिलेला असला पाहिजे. १९७१ साली न्यू मेक्सिकोतून फिनिक्स शहरात आलेल्या एका दमेकरी निर्धन माणसाला महिन्याभरात झटका आला. खासगी सेवाभावी रुग्णालयाने त्याला घेतले आणि पुढे सरकारी रुग्णालयात पाठवायचे ठरवले, तर त्या रुग्णालयाने वर्ष भरले नाही म्हणून नकार दिला. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. निकाल लिहिला थरगुड मार्शल यांनी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयावर बसलेले ते पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. गुलामांच्या वंशजांना जागा बदलण्याचा हक्क म्हणजे काय असतो, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. १९७४ सालच्या त्या निकालात ही अट रद्द झाली. उपचार ही जगण्याची मूलभूत गरज आहे, ती नाकारणे म्हणजे स्थलांतर केल्याबद्दल गरिबाला शिक्षा करणे आहे, आणि खर्च वाचतो हे त्याचे समर्थन होऊ शकत नाही, असा त्याचा आशय. 'तातडीचा' आणि 'तातडीचा नसलेला' असा भेद करून आजार चिघळू देणे म्हणजे रुग्णाला कायमच्या हानीच्या तोंडी देणे आहे, हेही त्यात सांगितले आहे. आपल्याकडे तातडीच्या रुग्णाला निदान कायद्याने संरक्षण आहे. पण मूत्रपिंड, हृदय, कर्करोग हे आजार तातडीचे होईपर्यंत वाट पाहायची, म्हणजे मरणाची वाट पाहायची.

यावर एक प्रामाणिक आक्षेप घेतला जातो आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. खाटा मर्यादित आहेत, पैसा इथल्या करदात्याचा आहे. बाहेरून लोंढे आले तर इथल्या गरिबाला खाट कशी मिळेल? प्रश्न खरा आहे, पण उत्तर चुकीच्या माणसाकडे मागितले जाते. स्थलांतरित मजूरही कर भरतो; तो साबण विकत घेतो तेव्हा त्याचा कर दुकानदार कापूनच घेतो. त्याच्या घामातून उभ्या राहिलेल्या इमारती याच शहरात आहेत. ज्याचे श्रम स्थानिक, त्याचा आजार मात्र परका, हा कुठला हिशेब? खाटा कमी असतील तर त्या वाढवा. आणि सरकारांना एकमेकांकडून खर्च वसूल करायचा असेल तर दोन सरकारांनी आपसात हिशेब करावा. त्या हिशेबात रुग्णाला उभे करू नका.

असा हिशेब करता येतो हे सरकारनेच सिद्ध केले आहे. 'एक देश एक रेशन कार्ड' ही व्यवस्था २०२२ पर्यंत सर्व राज्यांत लागू झाली. बिहारच्या कार्डावर मुंबईत धान्य मिळते. धान्य सीमा ओलांडते, तर औषध का ओलांडू शकत नाही? २०१८ साली सुरू झालेल्या केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला दुसऱ्या राज्यातही उपचाराची सोय ठेवली आहे. २०२५ साली केंद्राने रस्ते अपघातग्रस्तांसाठी दीड लाख रुपयांपर्यंत आणि सात दिवसांपर्यंत रोकडरहित उपचारांची योजना आणली. तिथे जखमी माणूस कुठला हे विचारले जात नाही. महाराष्ट्राने २०२३ साली कर्नाटकात असलेल्या सीमाभागातील ८६५ गावांतल्या मराठी भाषकांना महात्मा फुले योजना लागू करण्याचा निर्णय घेतला. आम्ही त्याचे स्वागतच करतो. पण मग प्रश्न असा की बेळगावात राहणाऱ्याला राज्याची हद्द ओलांडून लाभ देता येतो, तर पुण्याच्या भट्टीवर राबणाऱ्याला राज्याच्या आत का देता येत नाही? २०२४ च्या जुलैत 'लाडकी बहीण' योजनेच्या अर्जासाठी तहसील कार्यालयांपुढे रांगा लागल्या, तेव्हा अधिवास प्रमाणपत्राची अट सरकारने काही दिवसांत सैल केली आणि त्याऐवजी जुने रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा किंवा जन्माचा दाखला चालेल असे जाहीर केले. मतांची गरज असली की कागद पातळ होतो. जिवाची गरज असली की तोच कागद भिंत होतो!

आणखी एक गोष्ट आपल्याच लोकांना सांगायची आहे, कडू लागली तरी. 'परप्रांतीयांमुळे आपल्याला दवाखान्यात जागा मिळत नाही' हे वाक्य आता आपल्या वस्त्यांतही ऐकू येते. बांधवांनो, हे वाक्य कोणाच्या तोंडून आपल्या तोंडात आले याचा विचार करा. उत्तर प्रदेशातून आलेला चर्मकार मजूर, बिहारमधून आलेला मुसहर मजूर यांच्यापुढे जे कुंपण घालाल, त्याच कुंपणात उद्या बीडचा ऊसतोड कामगार पुण्यात अडकेल आणि यवतमाळचा शेतमजूर सुरतेत अडकेल. कुंपण माणसाची भाषा पाहत नाही, खिसा पाहते. परळच्या टाटा रुग्णालयाच्या फुटपाथवर जाऊन बघा. तिथे विदर्भातली बाई आणि बंगालमधली बाई एकाच ताडपत्रीखाली रात्र काढतात आणि दोघींच्या मांडीवर एकाच आजाराचे मूल असते. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना निवारा देते. झाडू घेऊन गावोगाव फिरणाऱ्या त्या माणसाचा स्वतःचा रहिवासी दाखला कुठला होता?

योजनेला ज्यांचे नाव आहे त्या फुल्यांच्या घराचाही इतिहास आठवावा. १८६८ साली जोतिरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा सावित्रीबाई आणि डॉक्टर असलेला त्यांचा पुत्र यशवंत यांनी रुग्णांची सेवा केली. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या प्लेगने ग्रासलेल्या एका मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्या मुलाचा पत्ता पुणे शहराच्या हद्दीत बसतो का, हे त्यांनी तपासले नव्हते. त्यांच्या पतीच्या नावाने चालणाऱ्या योजनेने ते तपासावे, यापरती विसंगती कोणती?

म्हणून आमची मागणी साधी आणि कायद्याला धरून आहे. महात्मा फुले योजनेतून रेशन कार्ड आणि अधिवास प्रमाणपत्राची सक्ती काढा. कागद नसलेल्या रुग्णासाठी स्वयंघोषणापत्र आणि रुग्णालयाच्या समाजसेवकाची पडताळणी पुरेशी माना. उपचार आधी, कागद नंतर, हे तत्त्व तातडीच्या रुग्णापुरते न ठेवता गंभीर आजाराच्या प्रत्येक रुग्णाला लावा. धर्मादाय रुग्णालयात राज्यातील कोणत्याही तहसीलदाराचा दाखला चालेल आणि दाखला नसेल तर रुग्णालयाने स्वतः चौकशी करून निर्णय द्यावा, असा आदेश काढा. बाहेरच्या राज्यातल्या रुग्णाच्या खर्चाचा हिशेब त्या राज्याशी करा.

सरकार देईपर्यंत आपण हातावर हात ठेवून बसायचे नाही. जयंतीच्या वर्गणीतला दहावा हिस्सा तरी प्रत्येक वस्तीने या कामाला लावावा. रेशन कार्डात सुनांची, मुलांची, टाकलेल्या बहिणींची नावे चढवण्याची शिबिरे विहारात भरवा. नाव आजारपणात चढत नाही, ते आधी चढवावे लागते. भट्टीवर आणि तोडीवर निघणाऱ्या कुटुंबाच्या हातात कार्ड व आधारची प्रत दिल्याशिवाय त्यांना गावातून जाऊ देऊ नका. पालावरच्या भटक्या बांधवांचे अर्ज स्वतः लिहून द्या. रुग्णालयाने नकार दिला तर भांडत बसू नका, नकार लेखी मागा. देत नसतील तर तारीख, वेळ आणि खिडकी लिहून त्याच दिवशी वैद्यकीय अधीक्षकाकडे आणि धर्मादाय रुग्णालय असेल तर धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात अर्ज द्या. राखीव खाटा किती, त्यांवर रुग्ण किती, निर्धन निधीत शिल्लक किती, ही माहिती माहिती अधिकाराखाली धर्मादाय कार्यालयाकडे मागा. आणि वकील लागला तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि प्रत्येक स्त्रीला तो मोफत मिळतो. तिथे उत्पन्नाची मर्यादा आड येत नाही. तालुक्याच्या न्यायालयातच ते कार्यालय असते.

संविधानाने आपल्याला एक पत्ता दिलेला आहे. त्यात गाव नाही, जिल्हा नाही, कार्डाचा रंग नाही. तो पत्ता आहे: भारताचा नागरिक. उपचाराच्या खिडकीवर हाच पत्ता पुरेसा ठरेपर्यंत लेखी नकार गोळा करत राहू आणि न्यायालयात मांडत राहू. वाचकांनी आपल्या भागातली अशी प्रकरणे कागदपत्रांसह जमवायला आजच सुरुवात करावी. जयभीम!